मोठ्या पडद्याचा मोबाइल : इंच मोजावेत की अक्षरे?



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, बेणे, खोडवा, हुमणी यांवर लिहावे अशी रीत आहे. या अंकात आम्ही मोबाइल फोनवर लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण गेल्या हंगामात गट कार्यालयात असा एक प्रसंग घडला की, या विषयावर दोन शब्द लिहिणे आम्हांस आमच्या कामाचाच भाग वाटले.

एक वयस्कर सभासद कार्यालयात आले. सत्तरी ओलांडलेली. गावात सर्व त्यांना आबा म्हणतात, म्हणून आम्हीही आबाच म्हणू. खिशातून फोन काढून आमच्यापुढे धरला नि म्हणाले, "सायेब, येवढं वाचून दावा की. उसाचं बिल पडलं का न्हाई, काय कळंना."

बिल जमा झाले होते. आम्ही वाचून दाखवले आणि सहज विचारले, "आबा, एरवी कोण वाचून दाखवतं?"

"नाक्यावर दुकान हाय न्हवं, तिथला पोरगा. चांगला हाय बिचारा. पैसं बी त्योच धाडतो माझ्या फोनातनं."

"आणि पिन?"

"त्यालाच ठावं. मला कुठं दिसतंय ते बारीक!"

आम्ही चरकलो. आबांना घेऊन बँकेत गेलो व पासबुक भरून घेतले. पाचशे, बाराशे अशा चार रकमा निघाल्या होत्या. त्या कशाच्या, हे आबांना सांगता येईना. "उसनं न्हेलं आसंल," एवढेच म्हणाले. पोराने नेले की आणखी कोणी, हे आम्ही ठरवू शकत नाही. पण एक गोष्ट पक्की ध्यानात आली. ज्याला स्वतःचा निरोप स्वतः वाचता येत नाही, त्याच्या पैशाची किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते. आबांना लिहिता-वाचता येते. सातवी पास आहेत. अडचण होती ती फक्त डोळ्यांची आणि बारीक अक्षरांची.

बाहेर पडताना आबांनी विचारले, "सायेब, मोठ्या पडद्याचा कंचा फोन घिऊ?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी जी खटपट केली, तिचा हा वृत्तांत.

आमची स्वतःची चूक

प्रथम आमचीच फजिती सांगतो. चाळिशी लागल्यावर चष्म्याचा कंटाळा म्हणून दुकानात जो सर्वांत मोठा दिसला तो फोन आम्ही उचलला. हातात घेऊन पाहिला नाही, तोलून पाहिला नाही. महिन्याच्या आत एका प्लॉटात खोडकिडीचा प्रादुर्भाव पाहायला वाकलो आणि तो जडशीळ फोन वरच्या खिशातून सुटून थेट पाणी सोडलेल्या सरीत गेला. दोष फोनचा नव्हता, आमचा होता. बेणे निवडताना उसाच्या उंचीवर भुलू नका, वजन बघा, उतारा बघा, खोडवा कसा फुटतो ते बघा, असे आम्हीच तुम्हांला शिवारफेरीत सांगत असतो. तेच फोन घेताना विसरलो.

तुलनेस घेतलेले फोन

आमच्या विभागातील तिघा कर्मचाऱ्यांकडे तीन कंपन्यांचे मोठ्या पडद्याचे फोन होते. तिन्ही बाजारात आले तेव्हा साधारण पंधरा ते वीस हजारांच्या घरातले. आपल्या सभासदांच्या घरांतून याच किमतीचे फोन जास्त दिसतात, म्हणून तुलनेस तेच घेतले :

१) सॅमसंग गॅलक्सी एम ३४ (जुलै २०२३) : पडदा ६.५ इंच, वजन २०८ ग्रॅम, बॅटरी ६००० एमएएच.

२) रेडमी नोट १३, फाइव्ह-जी (जानेवारी २०२४) : पडदा ६.६७ इंच, वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, बॅटरी ५००० एमएएच.

३) मोटो जी ५४ (सप्टेंबर २०२३) : पडदा ६.५ इंच, वजन १९२ ग्रॅम, बॅटरी ६००० एमएएच.

या तिघांच्या जागी पुढची मॉडेल आली आहेत आणि येत राहतील. फोनच्या जाती उसाच्या जातींपेक्षा लवकर बदलतात. तेव्हा नावे पाठ करण्यापेक्षा पारख कशी करावी, हे सभासदांनी ध्यानात घ्यावे.

इंच म्हणजे कर्ण, क्षेत्र नव्हे

फोनच्या पडद्याचे इंच हे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. म्हणजे तो कर्ण होय. रानाचा कर्ण सांगून कोणी क्षेत्र सांगितले, तर आपण मान्य करू काय? तीस मीटर रुंद व चाळीस मीटर लांब तुकड्याचा कर्ण पन्नास मीटर भरतो, क्षेत्र १२ आर. चौदा मीटर रुंद आणि अठ्ठेचाळीस मीटर लांब पट्टीचाही कर्ण पन्नासच मीटर, पण क्षेत्र पावणेसात आरही नाही. कर्ण तोच, रान जवळजवळ निम्मे!

फोनचे तसेच झाले आहे. पूर्वीचे फोन रुंद होते, आताचे पट्टीसारखे लांबट आहेत. सॅमसंगने २०११ साली पहिला गॅलक्सी नोट काढला, त्याचा पडदा ५.३ इंच. एवढा मोठा फोन कोण वापरणार, म्हणून तेव्हा अनेकांनी त्याची थट्टा केली होती. ॲपलनेही पुढे २०१४ मध्ये साडेपाच इंचांचा आयफोन ६ प्लस काढला. आता हिशेब पाहा. त्या जुन्या ५.३ इंची नोटच्या पडद्याची रुंदी सुमारे ७१ मिलिमीटर येते. वरच्या तीन फोनांची रुंदी अनुक्रमे सुमारे ६९, साडेएकोणसत्तर व पावणेअडुसष्ट मिलिमीटर येते. म्हणजे तेरा वर्षांत इंच वाढले, पण मराठीची एक ओळ मावण्याची जागा वाढली नाही, उलट थोडी आकसली. वाढली ती उंची.

तिघांची आपापसांतली तफावत दोन मिलिमीटरसुद्धा नाही. तेव्हा ६.५ आणि ६.६७ यांतल्या फरकापायी दुकानात जास्त पैसे मोजू नयेत.

आठ सभासदांचे वाचन

तिन्ही फोनांवर आम्ही एकच मजकूर घातला : उसाचे वजन, गाडी क्रमांक, तारीख व जमा रक्कम. तिशीपासून सत्तरीपर्यंतच्या आठ सभासदांना तो कार्यालयात वाचायला दिला. फोन जसे होते तसेच दिले, तेव्हा वयस्करांना एकाही फोनवर नीट वाचता आले नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन, डिस्प्लेखाली अक्षरांचा आकार वाढवला. तिन्हींवर वाचता आले. गंमत म्हणून आबांच्या जुन्या, लहान फोनवरही अक्षरे वाढवून दिली. आबांनी फोन हातभर लांब धरला आणि घडाघडा वाचला! "आरं, ह्ये आदी का सांगितलं न्हाई कुनी?" असे वर आम्हांलाच विचारले.

तेव्हा नवा फोन घेण्याआधी पहिली गोष्ट ही करावी. तिला दमडीचाही खर्च नाही. नातवाला, आमच्या चिटबॉयला किंवा कार्यालयात कोणालाही सांगा, दोन मिनिटांचे काम आहे. मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोयही अँड्रॉइड फोनात मराठीसाठी करून घेता येते. पण ती घरात वापरावी, बाजारात नव्हे. बँकेचा गुप्त आकडा चारचौघांत फोनने मोठ्याने वाचला, तर तो गुप्त कसला?

मग मोठा पडदा फुकट काय? तसेही नाही. लहान पडद्यावर अक्षरे फार वाढवली की ओळी तुटतात, आकडा एका ओळीत आणि 'रुपये' दुसऱ्या ओळीत जातो. बँकेच्या ॲपमधील बटने पडद्याखाली दडतात, मग माणूस चुकीचेच बटन दाबतो. मोठ्या, उंच पडद्यावर मोठी अक्षरेही मावतात आणि बटनेही दिसतात. मोठ्या पडद्याचा खरा उपयोग हा आहे. सिनेमा पाहणे ही त्याच्या पुढची गोष्ट.

ऊन

आपले काम माजघरात नाही, रानात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाचा फोटो रानात उभे राहून स्वतः काढायची वेळ शेतकऱ्यावर आली. तेव्हा उन्हात पडदा दिसणे महत्त्वाचे.

पडदे दोन जातींचे असतात. एलसीडी पडद्यात मागे एक दिवा असतो व पुढे चित्राचा पडदा, जसा धोतराआड कंदील धरावा. ॲमोलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, जशी देवळापुढची दीपमाळ. काळ्या भागात त्यातले दिवे विझलेलेच असतात, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवली की बॅटरीही वाचते. वरच्या तिघांपैकी सॅमसंग व रेडमीचा पडदा ॲमोलेड, मोटोचा एलसीडी. मात्र ॲमोलेड पडदा फुटला तर बदलण्याचा खर्च सहसा जास्त येतो, हेही लक्षात ठेवावे. ज्याच्या हातून फोन वरचेवर पडतो, त्याने हा हिशेब आधी करावा.

आणखी एक. फोन कोणताही असो, तापला की स्वतःला वाचवण्यासाठी पडदा आपोआप मंद करतो. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उन्हात ठेवलेला फोन मग दिसत नाही म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. झाडाच्या सावलीत, नाहीतर टोपीच्या आडोशाने पाहावा.

हात आणि खिसा

जुन्या मापाने सांगतो, म्हणजे थोरांना पटेल. रेडमीचा हा फोन तीन छटाकाच्या आसपास, सॅमसंगचा साडेतीन छटाक, मोटो या दोहोंच्या मधला. २०२४ च्या आरंभी सॅमसंगचा गॅलक्सी एस २४ अल्ट्रा हा ६.८ इंची बडा फोन आला, तो २३२ ग्रॅम, म्हणजे जवळपास पावशेर! वर कव्हर चढले की वजन आणखी वाढते. खुरप्याने, कोयत्याने घट्टे पडलेल्या, संधिवाताने आखडलेल्या बोटांना तीस-पस्तीस ग्रॅमचा फरकही जाणवतो.

तेव्हा दुकानात फोन एका हातात धरावा. अंगठा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का पाहावे. बंडीच्या खिशात घालून एकदा वाकून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावा. आम्ही वाकून पाहिले नाही, त्याची किंमत सरीत मोजली.

रेडमीच्या फोनला आयपी ५४ हा दर्जा आहे. त्याचा अर्थ धूळ व पाण्याचे शिंतोडे यांपासून काही अंशी बचाव, एवढाच. पाटात बुडाला तरी चालेल, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

बॅटरी आणि वीज

सहा हजारांची बॅटरी पाच हजारांपेक्षा एक-पंचमांश जास्त. रात्रीची वीज, पहाटेचे पाणी आणि दिवसभर रान अशी ज्याची चाकरी आहे, त्याला हा फरक मोलाचा. चार्जरची चौकशी मात्र खरेदीआधी करावी. सॅमसंगच्या या मॉडेलच्या खोक्यात चार्जर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. रेडमी व मोटोच्या खोक्यात ३३ वॅटचा चार्जर येतो. किमतीची तुलना करताना चार्जरचे पैसे धरूनच करावी.

२०१६ साली सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ हा मोठा फोन, बॅटऱ्या पेट घेऊ लागल्याने जगभरातून परत मागवावा लागला आणि त्याचे उत्पादनच बंद झाले. ती गोष्ट जुनी झाली, पण धडा जुना झालेला नाही. कोणत्याही कंपनीच्या फोनची पाठ फुगलेली दिसली, तर तो चार्जिंगला लावू नये, उशाशी तर मुळीच ठेवू नये. दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.

खोडवे किती निघणार?

बेणे निवडताना आपण विचारतो, खोडवा कसा येतो? फोन घेतानाही हाच प्रश्न विचारावा. फोनला कंपनीकडून वेळोवेळी सुरक्षेची दुरुस्ती येत असते. ती थांबली की चोरांना वाट मोकळी होऊ लागते, आणि पुढे बँकांची ॲपही जुन्या फोनवर चालेनाशी होतात. सॅमसंगने एम ३४ साठी पाच वर्षांची सुरक्षा-दुरुस्ती जाहीर केली होती, मोटोने जी ५४ साठी तीन वर्षांची. पावशेरी अल्ट्राला सात वर्षे आहेत, पण त्याची किंमत बाजारात आला तेव्हा सव्वा लाखाच्या वर होती. पोरगा हट्ट धरील. धरू द्या. पण तेवढ्या पैशांत किती क्षेत्रावर ठिबक होईल, हा हिशेब एकदा घरात बसून करावा.

येथे एक मेख आहे. ही मुदत मॉडेल बाजारात आल्यापासून चालू होते, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. जुना, वापरलेला किंवा सवलतीत मिळणारा मागच्या सालचा फोन स्वस्त दिसतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. तिसऱ्या खोडव्याचे रान लागणीच्या भावाने कोणी घेत नाही.

मग कोणता घ्यावा?

तिघांपैकी एकही टाकाऊ नाही. आमचे मत असे :

दिवसभर रानात असणाऱ्याने मोठी बॅटरी पाहावी. तिथे सॅमसंग व मोटो सरस. फोन पाच वर्षे बदलायचा नाही असे ज्याने ठरवले आहे, त्याने दुरुस्तीची मुदत पाहावी. तिथे सॅमसंग पुढे. हात आखडलेल्या, वयस्कर माणसाने वजन पाहावे. तिथे रेडमी बरा. नवे मॉडेल घ्याल तेव्हा याच कसोट्या क्रमाने लावा : अक्षर, ऊन, हात, बॅटरी, मुदत. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हा प्रश्न शेवटी. उसाच्या पानावरचा तांबेरा दाखवायला यांतला कोणताही कॅमेरा पुरतो.

आणि फोन हप्त्याने घेऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. पण उसाच्या बिलाच्या भरवशावर सोसायटीचे कर्ज, खताची उधारी आणि त्यावर फोनचा हप्ता, असे तीन बैल एका जुवाला बांधू नयेत.

पिनविषयी विनंती

फोन कोणताही असो, पिन आपलाच. पैसे यायला पिन लागत नाही, तो पैसे पाठवताना लागतो. 'पैसे जमा करायचे आहेत, पिन टाका' असे जो म्हणेल तो लबाड समजावा. कोणाला पिन ठाऊक असेल तर आजच बदलावा. पैसे गेल्याचे दिसले, तर लाजू नये. लगेच बँकेला कळवावे आणि १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागण्याची आशा कमी.

आबांनी त्या दिवशी पिन बदलला. तो बदलताना आम्ही तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत बसलो. आबांना ते चमत्कारिक वाटले. "सायेब, तुमच्यापास्नं काय लपवायचं?" म्हणाले. आम्ही म्हटले, "आमच्यापासूनसुद्धा!"

दुसरा हप्ता आल्यावर त्यांनी फोन घेतला. तिन्ही हातात तोलून पाहून सर्वांत हलका निवडला. परवा रस्त्यात भेटले, तर स्वतःच फोन काढून आम्हांला निरोप वाचून दाखवू लागले : तारीख, टन, रक्कम. एक आकडा चुकले, थांबले, फोन लांब धरला आणि पुन्हा बरोबर वाचला.

ज्या सभासदांना अक्षरे मोठी करून घ्यायची असतील, त्यांनी कार्यालयीन वेळेत आपल्या गट कार्यालयात यावे. येताना चष्मा आणावा, पिन मात्र आपल्या डोक्यातच ठेवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी